बापाचं पद सांगायचं नाही!

भिलाईला सेक्टर ६ मधल्या शाळेत माझा पहिला दिवस होता. तेव्हा भिलाई मध्य प्रदेशात. मी लग्न होऊन नागपूरहून आलेली, सहावीच्या इंग्रजीवर टेम्पररी लागलेली... म्हणजे कधीही घरी बसवता येईल अशी.

तिथली पद्धत अशी, की पहिल्या दिवशी प्रत्येकानं उभं राहून इंग्रजीत आपलं नाव आणि वडिलांचं स्टील प्लांटमधलं पद सांगायचं. साहेबांची पोरं खणखणीत सांगायची, हेल्परची पोरं पुटपुटायची. क्वार्टर पदाप्रमाणे मिळतात ते ठीक... पण वर्गातही तेच? चार-पाच जणांचं ऐकून माझं डोकंच फिरलं.

म्हटलं, बापाचं पद कुणीही सांगायचं नाही. 'आय कॅन' म्हणायचं आणि स्वतःला येणारी एक गोष्ट सांगायची.

मग काय, पोरं सुटलीच! कुणाला उलटं चालता येत होतं, कुणाला दांड्याखालून पाय घालून कैची सायकल. एका मोठ्या साहेबाच्या मुलानं तर बाकावर चढून कोंबडा आरवून दाखवला.

मागच्या बाकावरची प्रमिला मात्र मान खाली घालून उभी. हजेरीत आडनाव आपल्याकडचं दिसलं होतं, म्हणून जवळ जाऊन मराठीतच विचारलं, "कावून घाबरून राहिली?"

"मले काहीच येत नाही, मॅडम. बाबाची नाइट राहते तं ते दिवसा झोपतात. मी फक्त आवाज न करता सैपाक करते."

"अगं, मग हेच सांग ना!" आणि तिला इंग्रजी शब्द दिले.

तेवढ्यात बडी मॅडम, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, दारात. कोंबडा ऑफिसपर्यंत ऐकू गेला होता. "ये क्या तमाशा है? ढंग से परिचय दो! नाम और पिताजी का पद!" आणि बोट नेमकं प्रमिलाकडे.

नोकरी डोळ्यांसमोरून जाताना दिसली... मी बाजूला सरकले.

प्रमिलानं मान वर केली. "आय कॅन कुक विदाउट नॉइज. माय फादर इज स्लीपिंग."

"पद?"

तिनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. आधीपेक्षा जोरात.

मग शेजारची उठली. तिला आवाज न करता दार लावता येत होतं. मग तिसरा, चौथी... शिफ्टवाल्यांच्या घरची सगळी पोरं. पद एकानंही सांगितलं नाही. शेवटी साहेबाचा मुलगा उठला आणि पुन्हा कोंबडाच आरवला.

ऑफिसात बोलावणं आलं. "अगले साल ये सब नहीं चलेगा." म्हटलं, मॅडम, पुढच्या वर्षी मला ठेवलंत तर हेच करीन. नोकरी कशी टिकली, देव जाणे! रिटायर होईपर्यंत दर जुलैत शाळा उघडली, की हेच केलं.

प्रमिला, कुठे असशील तिथे हे वाच... त्या दिवशी मी घाबरले होते गं. तू नाही घाबरलीस.