फाइलपेठेचा नियम

सोलापुरात पेठांना काही तोटा नाही. वारांच्या नावानं पेठा आहेत, वर नवी पेठ वेगळीच. तरी धम्मदीपनं आणखी एक काढली, आणि तीही इंटरनेटवर. नाव ठेवलं फाइलपेठ. बुधवार पेठेतले त्याचे दोस्त पोट धरून हसले. "काय बे, पेठ काढली आणि बसायला एक ओटा नाही?" धम्मदीप हसला नाही. असल्या गोष्टीत हसणारा गडीच नव्हे तो.

त्याला कारण होतं. उमेदीची सगळी वर्षं त्यानं एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाईन करण्यात घालवली होती. वाढदिवस, साखरपुडा, भावी नगरसेवक, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं एकाच खुर्चीवर बसून. जयंतीच्या दिवसांत तर घरचं जेवण दुकानात यायचं. आणि एवढं मरमर करून केलेली फाइल कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून जायची दुसऱ्या दुकानात, तिथून तिसऱ्या. फोटो बदलला, नाव बदललं, झाली त्यांची. फ्लेक्सच्या धंद्यात याला कुणी चोरी म्हणत नाही, रीतच आहे ती. एकदा मोहोळच्या स्टँडवर धम्मदीपनं स्वतः केलेला बॅनर बघितला. रंगाची एक छटासुद्धा बदललेली नव्हती, आणि कोपऱ्यात डिझायनर म्हणून भलत्याच माणसाचं नाव. एसटी लागली, सुटली, तरी हा तिथंच उभा.

त्या रागातनं फाइलपेठ उभी राहिली. कुणाही डिझायनरनं तिथं आपलं दुकान उघडावं, बॅनरच्या, पत्रिकांच्या, अक्षरांच्या फाइली मांडाव्यात, गिऱ्हाइकानं पैसे भरून उतरवून घ्याव्यात. पैसे डिझायनरला, थोडा वाटा पेठेला. सांगोल्यापासून बार्शीपर्यंतची पोरं-पोरी दुकानं मांडून बसली. बायको धम्मप्रिया विक्रेत्यांचे फोन घ्यायची, धम्मदीप बाकीचं बघायचा.

आणि नियम एकच होता, पण कडक. एक फाइल दोनदा आली, तर नंतर आलेली ती चोरीची. रंग बदलून, उलटी करून, कशीही आणली तरी ओळखणारी यंत्रणा त्यानं बसवली होती आणि तिचा त्याला कोण अभिमान! चोरी सापडली की दुकान तिथल्या तिथं बंद. दुकानावर पाटी, "चोरीची फाइल सापडल्याने बंद." आणि तीच पाटी, नावासकट, सगळ्या विक्रेत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. सगळं आपोआप.

धम्मप्रियानं तेव्हाच टोकलं होतं. "आधी एक फोन करून माणसाला विचारायचं ना? सुक्याबरोबर ओलंही जळतं, धम्मदीप."

"फोन केला की वशिला येतो," तो म्हणाला. "मला पेठेत वशिला नको."

खरं होतं ते. पण खरं बोलणारा माणूस नेहमी शहाणाच असतो असं नाही, आणि हा तर त्या काळात कुणाचं ऐकायच्या पलीकडे गेला होता.

आता महादेवप्पा पेंटरचं सांगायला हवं. अक्कलकोटच्या बाजूचा लिंगायत माणूस, घरात कानडी, बाहेर मराठी. चाळीसएक वर्षं त्यानं हातानं पाट्या रंगवल्या. किराणा दुकानं, पिठाच्या गिरण्या, सोसायट्या, खेडोपाडीच्या शाळांच्या भिंती. दोरीला खडू लावून भिंतीवर रेघ मारायचा आणि मग बोलत बोलत अक्षर काढायचा. धम्मदीप बारावी झाल्यावर याच माणसाच्या हाताखाली दोन वर्षं होता. अक्षराचं पोट किती ठेवायचं, कान्याला किती जागा सोडायची, हे त्याला कॉम्प्युटरनं शिकवलेलं नाही, महादेवप्पानं शिकवलंय. पुढं फ्लेक्स आला, पेंटर लोक घरी बसले. महादेवप्पाचे हातही थरथरायला लागले. शेळगीत लेकीकडं, शरणम्माकडं राहायचा आणि दारात बसून रस्त्यावरचे फ्लेक्स वाचायचा.

धम्मदीप एकदा गेला आणि म्हणाला, "अण्णा, तुमची अक्षरं पेठेत आणा की. तुमच्या नावाचं दुकान उघडू."

म्हातारा आधी हसला. "धम्मा, थरथरत्या हाताची अक्षरं कोण घेणार?"

"जुन्या कागदांवरची असतील ना? तीच."

मग शरणम्मानं पेटी धुंडाळली, पिवळे पडलेले नमुने काढले, झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन करून आणले आणि स्वतः फोनवरनं दुकान उघडलं. "महादेवप्पा पेंटर, सोलापूर." म्हाताऱ्यानं ते नाव स्क्रीनवर तीनतीनदा वाचून घेतलं. सगळ्या शेजाऱ्यांना दाखवलं. आपण मेल्यावरही आपला हात चालत राहणार, एवढी एकच गोष्ट त्याला आता हवी होती.

दुकान उघडलं त्याच संध्याकाळी धम्मदीप मंडईत मेथीची जुडी निवडत होता. फोन वाजायला लागला तो थांबेचना. ग्रुपवर नुसता पाऊस. अंगठे, टाळ्या. "बरं झालं." "असंच पाहिजे." एकानं लिहिलं होतं, "म्हातारचळ लागलाय, दुसरं काय!" निरोप सरकवत वर गेला, पाटी बघितली. "महादेवप्पा पेंटर, सोलापूर. चोरीची फाइल सापडल्याने बंद."

हातातली जुडी गेली खाली. मेथीवाली ओरडली, "ओ दादा, घेणार हाय का न्हाय?" त्याला ऐकूच आलं नाही.

झालं होतं असं. वर्षभर आधी सांगोला तालुक्यातल्या सुकन्या नावाच्या मुलीनं अक्षरांचा एक संच पेठेत मांडला होता. नाव होतं "भिंत." चांगला खपायचा. धम्मदीपनं एकदा बघितलाही होता, ओळखीचा वाटला होता, पण तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला आणि राहून गेलं. आता यंत्रणेनं दोन्ही ताडून बघितलं, आकार तेच, सुकन्या आधी आलेली, महादेवप्पा नंतर. नियम म्हणजे नियम. ज्याची अक्षरं तोच चोर ठरला.

धम्मदीप तसाच शेळगीला गेला. शरणम्मानं दार उघडलं आणि या म्हटलं नाही. म्हातारा कॉटवर बसलेला.

"अण्णा..."

"मला एवढंच सांग," महादेवप्पा म्हणाला. "पाठवायच्या आधी तू वाचलंस का ते?"

"नाही अण्णा. ते आपोआप जातं."

"आपोआप." म्हाताऱ्यानं मान हलवली. "म्हणजे मला चोर म्हणायला माणूससुद्धा लागला नाही रे."

धम्मदीपला रडू आलं. ढसाढसा रडला तो, शरणम्मासमोर. पण रडून काय होतंय? पाटी त्यानं तिथंच बसून पुसली. ग्रुपवरचा निरोप काढून टाकला. तोवर तो निरोप ग्रुपमधून ग्रुपमध्ये, पार विजापूरच्या फ्लेक्सवाल्यांपर्यंत पोचला होता. ते काढणं त्याच्या हातात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो सुकन्याच्या गावी गेला. माण नदीच्या पलीकडं, माळरानात, मेंढरांच्या वाड्याशेजारी पत्र्याचं घर. बाप येडू मेंढरं घेऊन लांब गेलेला, आई मायाक्का चुलीपाशी. सुकन्या विशीतली, जुन्या लॅपटॉपसमोर बसलेली. फाइलपेठेचे मालक आलेत म्हटल्यावर ती गडबडून उभी राहिली.

"ही अक्षरं कुठली, ताई?"

"आमच्या शाळेच्या भिंतीवरची की. आता पाडली ती भिंत, नव्या खोल्यांसाठी. पाडायच्या आधी मी फोटो काढून ठिवलं. तीच अक्षरं बघून मी लिवायला शिकली हुती. मग एकेक गिरवून केली फाइल. लई महिनं लागलं."

"कुणी रंगवली होती, माहीत आहे?"

"न्हाय ओ. भिंतीची अक्षरं हुती." तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि तिचा रंगच उतरला. "दादा, मी चोरी केली व्हय?"

मायाक्का चुलीपासून उठून आली. "आमच्या पोरीनं कुणाचं काय घेतलं? भिंतीवरचं बघून शिकू नये तर काय करावं?"

भिंतीवरची अक्षरं कुणाचीच नसतात असंच त्या माळावरच्या पोरीला वाटणार. पिढ्यानपिढ्या तसंच चालत आलंय. "तुम्ही चोरी केली नाही," धम्मदीप म्हणाला. "तो शब्द माझा आहे. त्याचं मलाच बघायला पाहिजे."

रविवारी सुकन्या आईला घेऊन शेळगीला आली. वाकून पाया पडली. म्हाताऱ्यानं तिच्या अक्षरांचा छापील कागद मागितला, चष्मा लावला आणि एकेक अक्षर बोटानं फिरवत वाचलं. मध्येच बोट थांबलं.

"हा ज्ञ माझा नव्हे. हा ऋ पण नव्हे."

"भिंतीवर नव्हती ती," सुकन्या हळूच म्हणाली. "मग बाकीच्यांकडं बघून मी केली. चुकली का?"

म्हातारा परत परत तो ज्ञ बघत होता. "चुकली नाहीत. मी काढला असता तर असाच काढला असता." मग म्हणाला, "मीपण गुरप्पाचं बघूनच शिकलो, पोरी. अक्कलकोटचा गुरप्पा पेंटर. त्याच्या पाट्यांखाली उभा राहून हवेत बोट फिरवायचो. त्यानं कधी हाकललं नाही."

धम्मदीप म्हणाला, "अण्णा, सांगाल तसं करतो. संच तुमच्या नावावर करतो. पैसेही."

"कशाला? तिची मेहनत आहे. दुकान तिचंच ठेव. खाली माझं नाव घाल. माझ्याखाली गुरप्पाचं." आणि मग आवाज चढला, पहिल्यांदाच. "पण तो चोर शब्द काढ. लोकांच्या तोंडातनं काढ, धम्मा! पाहुण्यांत लग्न आहे, शरणम्मा म्हणते चला, मी कुठल्या तोंडानं जाऊ?"

इथंच तर घोडं पेंड खात होतं. धम्मदीपनं नियम बदलला. निरोप आपोआप जाणं बंद केलं, आधी फोन, धम्मप्रिया स्वतः करते तो. प्रत्येक फाइलीखाली नवी ओळ आली, "कुणाचं बघून शिकलात?" लोक तिथं नावं लिहायला लागले. मेलेले पेंटर, ड्रॉइंगचे मास्तर, कुणी आईचं लिहिलं, रांगोळी काढायची म्हणून. ग्रुपवर त्यानं आपल्या हातानं लिहिलं, "महादेवप्पा पेंटर चोर नाहीत. चूक माझी होती." त्याला मोजके अंगठे आले. पुढं कुणी पाठवलं नाही. चांगलं बोललेलं कोण पुढं पाठवतंय, हो? त्याच आठवड्यात पंढरपूरचा एक दुकानदार फोनवर त्याला म्हणाला, "तो म्हातारा चोर सापडला ना तुमच्याकडं? भारी यंत्रणा आहे बरं का."

धम्मदीपनं फोन ठेवला आणि धम्मप्रियाकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघतोस?" ती म्हणाली. "फोनवर झालेलं फोनवर निस्तरत नाही. तोंड घेऊन जा."

तेव्हापासून दर रविवारी स्कूटरवर मागं महादेवप्पाला बसवून तो निघतो. एका दुकानात जायचं, मालकाला सांगायचं, चहा घ्यायचा, दुसऱ्या दुकानात जायचं. वाक्य ठरलेलं आहे. "हे महादेवप्पा पेंटर. यांना मी चोर म्हणालो होतो. ते खोटं होतं. माझ्याकडून अण्णांवर अन्याय झाला." काही जण उठून म्हाताऱ्याच्या पाया पडतात. काही जण खुर्चीतनं हलतसुद्धा नाहीत. एकानं तर धम्मदीपलाच सुनावलं, "अहो, आम्ही विसरलो होतो, तुम्हीच परत आठवण करून दिली." तो पडेल तोंडानं बाहेर आला. म्हाताऱ्यानं पुढच्या दुकानाकडं बोट केलं.

अक्कलकोट मात्र दोघंही टाळत होते. तिथं म्हाताऱ्याची भावकी, ओळखीपाळखी, तिथंच लग्नाचं आमंत्रण. शेवटी म्हाताराच म्हणाला, "चल, उरकून टाकू."

मंदिराच्या रस्त्यावर एक मोठं फ्लेक्सचं दुकान आहे. मालक महादेवप्पाच्याच नात्यातला. आत चारपाच माणसं बसलेली, सगळी कानडीत बोलणारी. हे दोघं पायरी चढले तसं बोलणं थांबलं. कुणी बसा म्हटलं नाही. मालकानं धम्मदीपकडं हनुवटी उडवून कानडीत काहीतरी विचारलं. हा कोण, असंच असणार.

धम्मदीपनं वाक्य सुरू करायला तोंड उघडलं. त्याच्या आधी महादेवप्पा बोलला.

"इव नन्न शिष्य."

धम्मदीपला कानडी येत नाही. पण शेवटचा शब्द कळायला कानडी कशाला लागतंय? पाठ असलेलं वाक्य कुठं गेलं ते त्याला कळेना. माणसं त्याच्याकडं बघत होती. म्हाताऱ्यानं हात त्याच्या पाठीवर ठेवला.

"बोल की, धम्मा," तो मराठीत म्हणाला. "सांग यांना."

आणि धम्मदीपनं सांगितलं. "यांना चोर म्हणणारा मी."