चाचण्याच कमी झाल्या होत्या

पहिल्या लॉकडाऊननंतर बाजार उघडला तेव्हा मी देवळी तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात कंत्राटी नोकरीवर होते. केंद्रांवरून फोन यायचे, आज किती जणांचे नमुने घेतले, त्यात पॉझिटिव्ह किती निघाले. ते संगणकात भरून संध्याकाळी जिल्ह्याला पाठवायचं, एवढंच माझं काम. मी घरी पोचेपर्यंत पॉझिटिव्हचा आकडा सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत असायचा.

आम्ही वर्ध्याजवळ नालवाडीत राहायचो. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, देवळीत. तिथे बसस्टँडजवळ त्यांचं चपला-बुटांचं दुकान. शाळा बंद असल्याने शाळेचे बूट खोक्यांतच पडून होते, सगळी भिस्त दिवाळीवर. रोज संध्याकाळी त्यांचा माझ्या नवऱ्याला फोन यायचा, "विचार तिले, आज किती?" मी स्वयंपाकघरातून सांगायची. आमच्याकडे धाकटी सून भासऱ्यांशी समोरासमोर फारसं बोलत नाही.

दसऱ्याच्या सुमारास आकडा उतरू लागला. भासरे खूश. "उतरून राह्यला ना? मंग झालं. दिवाळीले मोकळं होते सगळं."

मला मात्र दिसत होतं की नमुनेच कमी येताहेत. खेड्यांत तपासणीचं शिबिर लावलं की लोक सकाळीच शेताकडे निघून जायचे. सोयाबीन घरात यायचं होतं, कापूस वेचायला आला होता. घर सील झालं तर ते कोण करणार? आणि जे थोडे लोक तपासणीला येत होते, त्यांच्यात पॉझिटिव्हचं प्रमाण आधीपेक्षा जास्त होतं. मी साहेबांना दाखवलं. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. मी वर कळवतो. पण माणसं येतच नाहीत, त्यांना धरून आणू का?"

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, "भाऊजींले सांगा, आजार कमी नाई झाला, टेस्ट कमी झाल्या." त्यांनी सांगितलं. पलीकडून भासऱ्यांचा आवाज मलाही ऐकू आला, "ऑफिसवाल्यांले बाजार बंदच पाह्यजे. त्यांचा पगार थोडी थांबते!"

पुढच्या काही दिवसांत फोनवर बोलताना ते खोकू लागले. विचारलं तर म्हणायचे, माल काढताना धूळ गेली. देवळीत व्यापाऱ्यांसाठी तपासणीचं शिबिर लागलं, तिथेही ते गेले नाहीत. शेजारच्या दुकानाचे हार्डवेअरवालेही गेले नाहीत. दोघं आपापल्या दुकानात बसून राहिले.

मग एका दुपारी जाऊबाईंचा मला फोन आला. आवाज एकदम बारीक.

"काल वरणाले लसणाची फोडणी देली, मले वासच नाई आला. हे तर रात्रभर खोकतेत."

"ताई, तुम्ही आजच टेस्ट करा."

"हे जाऊ देनार नाईत."

"मग?"

"भाजी आणाले तर जाऊ देतीन ना," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी केंद्रावरून सिस्टर पॉझिटिव्ह नावं सांगत होती. त्यात जाऊबाईंचं नाव आलं. मी तिला त्यांच्या नवऱ्याचं नाव आणि पत्ता पुन्हा सांगायला लावला. दुसऱ्याच कोणी असतील, असं अजून वाटत होतं.

सगळ्या घराची तपासणी झाली. जाऊबाईंना फारसा त्रास नव्हता. भासऱ्यांचा ऑक्सिजन मात्र इतका खाली गेला होता की त्यांना लगेच वर्ध्याला दाखल करावं लागलं. गाडीत बसताना ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तुह्या बायकोनं माही दिवाळी खाल्ली." नवऱ्याने ते मला बरेच दिवस सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा मला राग आला नाही, नुसती भीती वाटली, की हे यांचं शेवटचं बोलणं ठरलं असतं तर?

ते परत आले, पण दिवाळी होऊन गेल्यावर. अंगातले कपडे लोंबत होते. गिऱ्हाइकाच्या पायात बूट घालून बघायला खाली वाकले की दम लागायचा.

ते दवाखान्यात असतानाच शेजारचे हार्डवेअरवाले वारले. टायफॉइड म्हणून घरीच सलाइन लावलं होतं. भासऱ्यांना हे घरी आल्यावर कळलं. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी माझ्या मोबाईलवर फोन केला.

"त्याचं नाव हाये का तुमच्या यादीत?"

"नाई, भाऊजी."

"काऊन?"

"त्यांची टेस्टच झाली नाई."

मग म्हणाले, "म्हणजे त्याले तोच होता का काय, हे कोनालेच नाई समजनार?"

"नाई समजत आता."

दुसऱ्या दिवशी ते हार्डवेअरवाल्यांच्या घरी गेले. पोरांची तरी टेस्ट करून घ्या म्हणाले. त्यांच्या पत्नी दारातूनच बोलल्या, "आता काय करू करून?" आणि आत गेल्या. भासरे तिथेच पायरीवर बसून राहिले. शेवटी जाऊबाई त्यांना घरी घेऊन आल्या.

तो आठवडाभर आकडा आणखी उतरत गेला. ऑफिसात त्या आनंदात कोणीतरी पेढे आणले. मी एक घेतला, आणि तो टेबलावर तसाच राहिला.