माझं डावं, तुमचं डावं

"बाई, रविवारची यादी करू नका," सरांच्या पत्नी मार्था वहिनी फोनवर म्हणाल्या तेव्हा यादी निम्मी झाली होती. चुना दोन घमेली, कुंचे चार, सुतळीचा एक बंडल, पाण्याचे दोन कॅन, टोपी (सरांची, ते विसरतात)... मी विचारलं, "का, सरांना बरं नाही का?" त्यांच्या हातून शेजारणीने फोन घेतला आणि सांगितलं, शमुवेल सर सकाळी चहा पिता पिता गेले. मी पेनाला टोपण लावलं आणि यादीचा कागद वहीत तसाच ठेवला. अजून तिथेच आहे.

श्रीरामपूरच्या एका शाळेत आम्ही वीसेक वर्षं बरोबर शिकवलं. ते चित्रकला, मी भूगोल. चित्रकलेच्या तासाला मुलं गणिताचा गृहपाठ उरकतात, हे त्यांनी कधीच मान्य केलं नाही. मुलांना ते मैदानात नेत, जमिनीत एक खुंटी ठोकत आणि म्हणत, "इथं उभं राहून बघा. मग एक पाऊल सरका, नि पुन्हा बघा." त्या एका पावलात त्यांची सगळी कला होती. सुट्टीच्या दिवशी ते हेच मोठ्या माळावर करत. मिरजगावच्या अलीकडे एक कोरडा पाझर तलाव आहे, त्याच्या वरची टेकडी त्यांनी निवडली होती. माझी ओळख तिथे सामान नेणारी, याद्या करणारी आणि फोटोत पाठमोरी उभी राहणारी बाई एवढीच. नवऱ्याची बदली, मुलीचं लग्न, माझं गुडघ्याचं दुखणं, या सगळ्यांतून तो रविवार मी सांभाळला.

त्यांचा 'दार' हा फोटो बऱ्याच जणांनी पाहिला असेल. उघड्या टेकडीवर एक पांढरं, उंच दार उभं आहे, आणि एका बाईचा हात त्याच्या कडीवर आहे. ते दार कसं झालं हे कुणाला सांगायचं नाही, असं सरांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. "युक्ती सांगितली की फोटो मेला, बाई." आज मी तो शब्द मोडणार आहे, आणि रागाने मोडणार आहे.

दार नव्हतंच. टेकडीभर पसरलेले त्रेचाळीस दगड होते. काही पायथ्याला, काही पार माथ्याजवळ. प्रत्येकाची, कॅमेऱ्याच्या जागी ठोकलेल्या खुंटीकडची तेवढी बाजू चुन्याने रंगवलेली. कडी म्हणजे टेकडीच्या मध्यावर उसाच्या पाचटाचा आणि चिखलाचा, बैलगाडीएवढा वाकडा आकार. तो सरांनी चार रविवार बसून थापला होता. मी कॅमेऱ्यापासून दहा पावलांवर रिकाम्या हवेत हात धरून उभी होते. खुंटीवरून पाहिलं तरच दगड जुळून दार व्हायचे आणि कडी माझ्या मुठीत यायची. एक पाऊल बाजूला झालं की सगळा माळ पुन्हा माळ. दगड लावताना सर खुंटीशी, मी टेकडीवर, आणि मध्ये नुसती ओरडाओरड.

"डावीकडं, बाई! अजून! अवो, तुमचं डावं न्हाई, माझं डावं!"

"मग आधी सांगायचं ना!"

"भूगोल शिकवता नि दिशा कळंना व्हय!"

गुराखी थांबून बघायचे. एक म्हातारे बाबा एकदा म्हणाले, "मास्तर, ह्या बाईनं असं काय केलंय, की तिला दगडं उचलायची शिक्षा दिली?" सर इतके हसले की कॅमेरा हलला, आणि तो फोटो वाया गेला.

आता रागाचं सांगते. नगरमधल्या एका छायाचित्र मंडळाच्या स्पर्धेला आम्ही 'दार' पाठवला. अर्ज मी भरला, कारण अर्ज मीच भरते. त्यात एक रकाना होता: 'छायाचित्रात फेरफार केला आहे का?' फेरफार म्हटलं की आमच्याकडे तलाठ्याचं दप्तर डोळ्यांपुढे येतं, जमिनीची नोंद बदलणं. मला वाटलं, दगड हलवले, रंगवले, टेकडीचा चेहरा बदलला, हा फेरफार नाही तर काय? मी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'होय.' आठवड्याने फोटो परत आला. संगणकावर बदल केल्यामुळे अपात्र. ज्यांच्या घरी संगणकच नव्हता, त्या माणसाचा फोटो! मी रडकुंडीला येऊन सांगितलं तर सर म्हणाले, "खरंच तर लिवलंय तुमी. माळ हलवलाय आपण." मी म्हटलं, खुलाशाचं पत्र लिहिते. ते म्हणाले, "न्हाई. शंका आसंल तर यावं नि खुंटीवर उभं ऱ्हावं. लई लांब न्हाई." मंडळातून कुणी आलं नाही. आणि सरांनी पत्र लिहू दिलं नाही. हा राग माझा त्यांच्यावर आहे, आणि ते गेले म्हणून तो कमी झालेला नाही. रागाची यादी करायची तर सगळ्यात वर मात्र माझंच नाव येतं.

त्याच मंडळाने त्यांची शोकसभा घेतली. पाठीमागे 'दार' मोठं करून लावलं होतं. एक वक्ते म्हणाले, "खेड्यापाड्यातल्या या शिक्षकाची संगणकावरची हुकमत थक्क करणारी होती." टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! स्मरणिकेतही फोटोखाली छापलं, 'संगणकीय कल्पनाचित्र.' मी दोन पत्रं पाठवली, याद्यांच्या झेरॉक्ससह. उत्तर एका ओळीचं आलं: मूळ अर्जात आपणच 'होय' लिहिले आहे. म्हणजे चुना कालवून ज्यांच्या बोटांच्या कातडीला भेगा पडल्या, त्यांच्या नावावर आता यंत्राचं काम चढलं, आणि त्याला आधार माझ्या स्वच्छ अक्षराचा. म्हणून हे सगळं इथे लिहिते आहे. फोटो मरत असेल तर मरू दे, सर. माणूस खोटा ठरण्यापेक्षा ते बरं.

गेल्या रविवारी मी मार्था वहिनींना घेऊन टेकडीवर गेले. इतक्या वर्षांत त्या एकदाही आल्या नव्हत्या. "दगडं रंगवायला जातं व्हय कुणी शहाणं?" असं त्या म्हणायच्या, आणि डबा मात्र तिघांना पुरेल एवढा द्यायच्या. यादी केली होती: चुना, कुंचा, पाणी, एक पाट. पाट अशासाठी, की वहिनी ठेंगण्या आहेत आणि कॅमेऱ्याच्या उंचीवर डोळे यायला हवेत. बाभळीची खुंटी जागेवर होती, डोक्याचा निळा रंग उडालेला. चुना पुष्कळसा धुऊन गेला होता, पाचटाची कडी गुरांनी खाल्ली होती. पण वहिनी पाटावर चढल्या आणि कपाळावर हात धरून बघू लागल्या. म्हणाल्या, "बाई, खरंच दार हाय की वो..." मग म्हणाल्या, "पर उजव्या अंगाला मोडलंय."

एक दगड कुणीतरी चुलीला नेऊन परत भलतीकडे टाकला होता. मी वर चढले. गुडघा बोलत होता, त्याला बोलू दिलं. दगड दोन्ही हातांनी उचलला आणि खाली ओरडले, "सांगा!"

"डावीकडं!"

"कुणाचं डावं?"

पाटावर त्या एवढ्याशा दिसत होत्या, पदर डोळ्यांना लावलेला. दगड जड होता, पण मी तो खाली ठेवला नाही. मग वाऱ्यावर आवाज आला.

"तेंचं!"

मी दगड त्या बाजूला सरकवला.