न पाहिलेल्या दहा सिनेमांची यादी

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी मुंबईच्या वर्तमानपत्रात समीक्षकांच्या पसंतीच्या दहा सिनेमांची यादी यायची आणि सोमवारी आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये तिच्यावरून जुंपायची. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत मी तेव्हा स्टोअरमध्ये कारकून होतो. गंमत म्हणजे त्या दहांतला एकही सिनेमा आमच्यापैकी कुणी पाहिलेला नसायचा. आमच्या टॉकीजला मारामारीचे सिनेमे यायचे, तेही मुंबईत जुने झाल्यावर. पण म्हणून काय माणसाला मत नसावं? पाचवा सिनेमा दुसऱ्या नंबरवर हवा होता, पहिल्याला उगाच डोक्यावर घेतलंय, असं आम्ही छातीठोकपणे सांगत असू. बिहारकडचा एक ऑपरेटर तेवढा हिंदीत विचारायचा, ह्यातल्या कशात फायटिंग आहे का. नाही म्हटलं की चहा संपवून उठायचा. आमच्यात शहाणा तोच.

थापा मारण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. परीक्षणातल्या तीन ओळी वाचायच्या आणि उरलेला सिनेमा पदरचा घालायचा. एका वर्षी पहिल्या नंबरच्या सिनेमाबद्दल छापलं होतं, 'बाप-लेकाच्या दुराव्याचं संयत चित्रण'. संयत म्हणजे नेमकं काय ते मलाही कळलं नव्हतं, पण मी गोष्ट रंगवली. बापाशी भांडून मुलगा घर सोडतो. वर्षं जातात. शेवटी एका संध्याकाळी तो दारात उभा राहतो. बाप काही बोलत नाही, फक्त आपलं ताट त्याच्यापुढे सरकवतो.

सगळे चहा विसरून ऐकत होते. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मग समोर बसलेल्या फिटरकाकांकडे लक्ष गेलं आणि मी हातातला कप खाली ठेवला. जवळच्याच घिवली गावच्या ह्या काकांचा एकुलता एक मुलगा दोन वर्षांपूर्वी त्यांच्याशी भांडून गुजरातेत निघून गेला होता आणि त्याचं साधं पत्र नव्हतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही. बोलण्याच्या भरात विसरलो होतो. काका रागावले नाहीत. त्यांनी सिनेमाचं नाव तेवढं कागदावर लिहून घेतलं.

मे महिन्यात तोच सिनेमा एका रविवारी दुपारी टीव्हीवर लागला. मी पालघरला बहिणीकडे बसून पाहिला. मुलगा येत नाही. बाप म्हातारा होतो, एक दिवस दार लावून घेतो आणि सिनेमा संपतो. मला इतकी लाज वाटली की बहिणीचा आमरससुद्धा गोड लागेना. काकांनीही पाहिला असणार. उद्या गेल्या गेल्या त्यांची माफी मागायची, असं ठरवलं.

सोमवारी काका स्वतःच स्टोअरच्या खिडकीशी आले. मी तोंड उघडणार तेवढ्यात तेच बोलायला लागले. नवरा-बायको शेजाऱ्यांच्या टीव्हीपुढे वेळेआधीच जाऊन बसले होते. काकांकडून ऐकून ऐकून काकूंना तर शेवट तोंडपाठ होता, फक्त डोळ्यांनी बघायचा राहिला होता. आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत गावातली वीज गेली. अणुवीज केंद्र गावापासून हाकेच्या अंतरावर, पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"कालपासून ती माझ्या पाठी लागलीय, त्याला एकदा विचारून या," काका म्हणाले. "शेवटी पोरगा येतोच ना रे? आमी बघितला नाय."

माफीची वाक्यं ओठांवर तयार होती. काका खिडकीच्या गजाला धरून उभे होते.

"येतो, काका," मी म्हटलं.

ते हसले, त्यांनी हवा असलेला पाना माझ्याकडून मागून घेतला आणि ते मशीनकडे गेले. न पाहिलेल्या सिनेमांबद्दल मी पुष्कळ थापा मारल्या. पाहिलेल्या सिनेमाबद्दल खोटं बोललो ते तेवढं एकदाच. ते बरं केलं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, कारण मी तिथली नोकरी सोडली तोवर काकांचा मुलगा आलेला नव्हता आणि पुढे आला का, ते मला कळलं नाही.