भट्टीवरचा पास्ता

बायको ड्यूटीवरून यायच्या आत जेवण तयार असावं म्हणून मी पास्ता उकडला, टोमॅटोच्या रश्शात ढोबळी मिरचीबरोबर कालवला आणि वर चीज किसलं. घरी ओव्हन नाही. भांडं झाकून लातुरातल्या आमच्या गल्लीतल्या बेकरीच्या भट्टीवर नेलं.

तिथं रेणापूरकडचा एक धोतरवाला म्हातारा नानकटाई भाजून घ्यायला आला होता. एकेक गोळा अंगठ्यानं हलकेच दाबत त्यानं विचारलं, "काय आणलंय, सायेब?"

"पास्ता. बायकोनं करून दिलाय."

आजूबाजूला सगळे बाप्येच उभे होते. खरं सांगायची लाज वाटली.

"माझी नानकटाई मीच मळलीय," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "म्हातारीला माझ्याच हातची लागती."

भांडं बाहेर आलं तेव्हा चीज छान लालसर झालं होतं. म्हाताऱ्यानं वाकून वास घेतला.

"लई बेस! बाईंच्या हाताला चव हाय. सांगा त्यांना."

मी मान हलवून निघालो. रस्ताभर कान गरम होते.

बायकोला पास्ता आवडला. भट्टीवर एकानं फार कौतुक केलं, एवढं मी तिला सांगितलं. कुणाचं केलं, ते सांगायला जीभ रेटली नाही.