काटा-सुरी लांब ठेवलेलं जेवण

आमचे भावोजी हॉटेलात वाढप्याचं काम करतात, असं म्हटलेलं त्यांना खपत नाही. ते ‘टेबल सांभाळतात’. तीस वर्षं सांभाळताहेत. टेबल कुठे पळून गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

डावीकडून वाढायचं, उजवीकडून उचलायचं. टेबलावरचा शेवटचा माणूस काटा आणि सुरी ताटलीत शेजारी शेजारी ठेवत नाही, तोवर कुणाचीच ताटली उचलायची नाही. लांब म्हणजे जेवण चालू, जवळ म्हणजे संपलं. हे सगळं हॉटेलात ठेवलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण गृहस्थांनी ते घरी आणलं. खुर्ची सरकवली की कपाटावर आपटते, एवढ्याशा खोलीत हा माणूस हातावर रुमाल टाकून आमच्या पाठीशी उभा! मी एकदा बटाटा हाताने उचलला, तर असे बघत राहिले, जणू मी त्यांचा खिसा कापला.

आमचं झालं की स्वतः ओट्याशी उभ्याने चार घास गिळायचे. माझ्या ताईने वर्षानुवर्षं डोकं आपटलं आणि नाद सोडला. खरी गोष्ट मला ठाऊक आहे. बसलं की बोलावं लागतं, आणि बोलायचं म्हटलं की यांच्या तोंडाला कुलूप.

भाची मात्र बापावर गेलेली, म्हणजे हट्टी. तिला लांबच्या गावी नोकरी लागली. निघायच्या दिवशी सकाळीच तिने फर्मान काढलं, “बाबा, चारला माझी गाडी आहे. आज तुम्ही माझ्याबरोबर बसून जेवायचं. पूर्ण. मध्ये उठायचं नाही.”

“आणि वाढणार कोण?”

“मामा वाढेल.”

भावोजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मी भाजी उजवीकडून वाढली. मुद्दाम वाढली, खोटं कशाला बोलू? थोडा रस्सा टेबलक्लॉथवरही सांडला. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले, पण ब्र काढला नाही. मग मीही बसलो.

चार मिनिटांत त्यांची ताटली साफ, काटा-सुरी शेजारी शेजारी. पोरगी काही विचारायची, हे “हं” म्हणायचे. तेवढ्यात मी संपवलं, ताईने संपवलं. लगेच साहेब खुर्चीतून अर्धे उठले, हात ताईच्या ताटलीकडे निघाला, आणि तसाच थांबला.

भाचीच्या ताटलीत बटाट्याची एक फोड होती. काटा एका टोकाला, सुरी दुसऱ्या टोकाला.

“खाऊन टाक ना,” भावोजी म्हणाले. “पुडिंग खोळंबलंय.”

पुडिंग वेळेवर आलं नाही की सगळ्या जेवणाचा कचरा होतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते आम्हाला तोंडपाठ आहे.

“मी जेवतेय अजून,” ती म्हणाली. फोडीला हात नाही.

नियम म्हणजे नियम. भावोजी परत बसले. घड्याळाकडे पाहिलं, फोडीकडे पाहिलं, मग नाइलाजाने लेकीकडे पाहिलं.

“बाबा, नोकरीच्या पहिल्या दिवशी तुम्ही काय सांडलं होतं?”

“कोण म्हणालं सांडलं होतं?” मग मांडीवरचा रुमाल उगाच नीट केला. “सूप. एका बाईंच्या मांडीवर. अख्खं भांडं.”

ताईच्या हातातला पेला तसाच राहिला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, आणि हे तिला आज कळत होतं! भावोजी आधी ओशाळले, मग हसले, मग त्या बाईंनी काय काय सुनावलं ते सांगू लागले. हा माणूस इतकं बोलू शकतो, याची मला कल्पना नव्हती. आणि मी त्यांची थट्टा करायचं कधी थांबलो, तेही कळलं नाही.

अडीच वाजले. ताई हळूच म्हणाली, “अहो, पुडिंगचं काय?”

भावोजींनी आपल्या ताटलीकडे पाहिलं. ती केव्हाच रिकामी झाली होती. काटा उचलून त्यांनी एका टोकाला ठेवला, सुरी दुसऱ्या टोकाला.

“थांबू दे,” ते म्हणाले. “आम्ही जेवतोय.”