वायरलेसच्या ढिगाचे मास्तर

अंधेरीत फुटपाथवर मी जुनी पुस्तकं विकतो. शाळा चौथीपर्यंतच, पण माझ्या ढिगाला दुसऱ्याचा हात लागलेला मला खपत नाही. एक मास्तर मात्र दर शनिवारी येऊन बिनधास्त हलवाहलव करतात. वायरलेसची पुस्तकं मी पोलीस भरतीच्या गाइडांत ठेवली होती. वायरलेस म्हणजे पोलिसांचाच ना! ते हसले नाहीत. "काका, हे वायफायचं," म्हणत त्यांनी ती कॉम्प्युटरच्या पुस्तकांशेजारी नेली. चांगलं पुस्तक ते वर ठेवतात नि बाकीचं खाली दाबतात.

परवा एका मुलीने त्यातलं जाडजूड पुस्तक उचललं. नेटवर्किंगच्या नोकरीचा इंटरव्ह्यू होता तिचा.

"ते नको गं, जुनं झालंय. हे बारीक घे," मास्तर म्हणाले.

माझं डोकं फिरलं. "ओ सर, गिऱ्हाईक का तोडता?" म्हणत मी ते जाडं पुस्तक हातात घेतलं, तर मागच्या कव्हरवर मास्तरांचाच फोटो! केस तेवढे काळे.

"तुम्ही लिहिलंय हे?"

"मीच. म्हणून तर छातीठोक सांगतो."

मुलगी बारीक पुस्तक घेऊन गेली. तेव्हापासून तो ढीग मास्तरांच्या हवाली. बाकीच्या ढिगांना हात लावायचा नाही, हे मात्र त्यांनाही बजावलंय.